मोठ्या शहरात नवे आहात? माणसं तुटक का वागतात आणि त्यांच्यात कसं वावरायचं

लहान गावातून मोठ्या शहरात राहायला आलेल्या माणसाला सुरुवातीच्या दिवसांत घर शोधण्याचा, रस्ते लक्षात ठेवण्याचा त्रास होतोच. पण जिव्हारी लागतं ते माणसांचं वागणं. कुणीतरी खांद्याला धक्का देऊन पुढे जातो आणि वळूनही बघत नाही. पत्ता विचारला तर चालता चालता हात दाखवून मोकळा होतो. खिडकीमागचा कारकून मान वर न करता नुसतं ‘पुढे’ म्हणतो. शेजारच्या घराचं दार उघडतं, नजरानजर होते आणि दार पुन्हा लागतं. दिवसभरात असे दहा-बारा ओरखडे साठले, की रात्री वाटायला लागतं, इथल्या लोकांना माणुसकीच नाही.

हा लेख त्या अवस्थेतल्या माणसासाठी आहे. माझं म्हणणं असं, की तुम्हाला जो उद्धटपणा दिसतोय त्यातला बराचसा भाग म्हणजे आपलं लक्ष जपून खर्च करायची सवय आहे. उरलेला भाग मात्र खराखुरा उद्धटपणा आहे आणि तो निमूटपणे सोसायचं काही कारण नाही. या दोन गोष्टी वेगळ्या ओळखता यायला लागल्या, की शहरातला अर्धा मनस्ताप कमी होतो. त्या कशा ओळखायच्या, आणि ओळखल्यावर आपण काय करायचं, ते क्रमाने सांगतो.

१. आधी गर्दीचा हिशेब करा

स्टॅन्ली मिलग्रॅम या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७० साली शहरातल्या जगण्यावर एक निबंध लिहिला. त्यातले काही आकडे आजही डोळे उघडणारे आहेत. न्यूयॉर्कला लागून असलेल्या नॅसॉ काउंटी या उपनगरी भागात, आपल्या कचेरीपासून पायी किंवा गाडीने दहा मिनिटांच्या टप्प्यात, एखाद्या माणसाला ११,००० माणसं भेटू शकत होती. नेवार्क या मध्यम आकाराच्या शहरात २०,००० हून थोडी जास्त. आणि न्यूयॉर्कमधल्याच मॅनहॅटनच्या मध्यभागी? २,२०,०००.

एवढ्या माणसांशी गावातल्यासारखं वागायचं म्हटलं, प्रत्येकाकडे बघायचं, ओळखीचं हसायचं, दोन शब्द बोलायचे, तर कामाच्या जागी पोहोचायलाच रात्र होईल. मिलग्रॅम यांचं निरीक्षण असं, की डोक्याला झेपेल त्याहून जास्त काही समोरून येऊन आदळायला लागलं की माणूस काटछाट करतो. प्रत्येकाला थोडाच वेळ देतो. ज्याचं आपल्याशी काम नाही त्याच्याकडे बघतच नाही. चेहराही असा ठेवतो, की उगाच कुणी बोलायला येऊ नये.

याच्याही पुष्कळ आधी, १९०३ मध्ये, बर्लिनमध्ये जन्मलेले समाजशास्त्रज्ञ गेऑर्ग झिमेल यांनी हीच गोष्ट आतून पाहिली होती. शहरातला माणूस भेटणाऱ्या प्रत्येकाला गावातल्यासारखा मनापासून प्रतिसाद द्यायला लागला तर तो आतून विस्कटून जाईल, म्हणून तो एक अंतर राखून राहतो. आणि नेमक्या या अंतरामुळेच लहान गावातल्या लोकांना आपण थंड आणि निष्ठुर वाटतो, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं आहे. सव्वाशे वर्षं होत आली, तक्रार तीच आहे.

एक दिवस स्वतःच मोजून बघा. घरातून निघाल्यापासून कामावर पोहोचेपर्यंत हाताच्या अंतरावरून किती माणसं गेली? त्यातल्या प्रत्येकाच्या चेहऱ्याकडे मुद्दाम बघायचा प्रयत्न करा. थोड्याच वेळात डोकं भणभणायला लागेल आणि नजर आपोआप जमिनीकडे वळेल. त्या क्षणी तुम्ही दुसऱ्या कुणाला तरी तुसडे दिसत असता.

२. गावाकडच्या आपुलकीचा पाया ओळखा

गावातली माणसं चांगली वागतात ती फक्त मनाने चांगली म्हणून नव्हे. तिथे ज्याच्याशी आज तोडून बोललो तो उद्या पुन्हा भेटणार असतो. त्याची बहीण आपल्या मुलीला शिकवत असते, त्याचा मेहुणा आपल्या कचेरीत असतो. प्रत्येक वागणुकीची नोंद कुठे ना कुठे राहते आणि कधीतरी ती आपल्यापाशी परत येते. शहरात धक्का मारून गेलेला माणूस बहुधा जन्मात पुन्हा दिसणार नाही. चांगलं वागल्याचा फायदा नाही, वाईट वागल्याचा तोटा नाही. अशा ठिकाणी जो चांगला वागतो त्याचं मोल मला तरी जास्त वाटतं.

आणि तुलना करताना आपण एक मोठी गफलत करतो. गावातली आपली ओळखीची माणसं आणि शहरातली अनोळखी माणसं यांना आपण एका तराजूत घालतो. गावातही अनोळखी माणूस आला तर काय होतं ते आठवा. सगळे वळून बघतात. कुठून आला, कुणाकडे आला, कशाला आला, याची चौकशी तो पुढच्या वळणावर पोहोचायच्या आत सुरू झालेली असते. त्या माणसाला ती आपुलकी वाटत नाही, ती झडती वाटते. आणि गावाने ज्याला एकदा वेगळं ठरवलं, त्याच्या लग्नावरून, कामावरून, कपड्यांवरून, त्याला तिथे लपायला जागा नसते. शहरात कुणी आपल्याकडे बघत नाही हे तुम्हाला आज बोचत असेल. पण कुणी बघत नाही म्हणूनच इथे पहिल्यांदा मोकळा श्वास घेतलेली माणसंही याच गर्दीत आहेत. त्यांच्याशी एकदा निवांत बोला.

३. घाई, अलिप्तपणा आणि अपमान वेगळे करा

ओरखडा उमटला, की लगेच निकाल देऊ नका. आधी बघा, त्या माणसाला कुठे पोहोचायचं होतं का? त्याने तुमच्याकडे दुर्लक्ष केलं, की तुम्हाला मुद्दाम कमी लेखलं? आणि तुमच्या जागी दुसरं कुणीही असतं तर तो असाच वागला असता का?

घाई ओळखायला सगळ्यात सोपी. घाईतला माणूस तुमच्याशी वाईट वागत नसतो, त्याला तुम्ही दिसलेलेच नसता. १९७३ मध्ये जॉन डार्ली आणि डॅनिएल बॅट्सन यांनी प्रिन्स्टनमध्ये केलेला प्रयोग इथे सांगायलाच हवा. धर्मशास्त्राचे विद्यार्थी, म्हणजे पुढे लोकांना करुणा शिकवणारे, एका इमारतीतून दुसरीकडे भाषण द्यायला निघालेले. वाटेत एक माणूस कण्हत, खोकत दाराशी बसवून ठेवलेला. ज्या विद्यार्थ्यांपाशी भरपूर वेळ होता त्यांच्यातले ६३ टक्के मदतीला थांबले. ज्यांना ‘तुम्हाला उशीर झालाय’ असं सांगून पाठवलं होतं, त्यांच्यातले फक्त १० टक्के. काहींना तर भाषणाचा विषयच वाटेत पडलेल्या जखमी माणसाला मदत करणाऱ्याची बायबलमधली गोष्ट हा दिला होता. त्यानेही म्हणावा असा फरक पडला नाही. माणसं तीच, शिकवण तीच, वेळ तेवढा काढून घेतला होता. शहर माणसाकडून आधी वेळच काढून घेतं. मोठ्या वस्तीत लोक चालतातही भराभर: सहा देशांतल्या १५ गावाशहरांत चालण्याचा वेग मोजून मार्क आणि हेलन बोर्नस्टाइन या संशोधकांनी १९७६ मध्ये दाखवलं, की लोकसंख्या जितकी जास्त तितकी पावलं झपाझप पडतात.

अलिप्तपणाचं तंत्र वेगळं आहे. लिफ्टमध्ये शिरणारा माणूस बघा. दार उघडतं, आतल्या माणसावर त्याची नजर क्षणभर पडते, मान किंचित हलते किंवा हलतही नाही, आणि मग नजर मजल्यांच्या आकड्यांवर जाऊन थांबते. तो क्षणभराचा कटाक्ष म्हणजे ‘तू आहेस, मला दिसलास’. नंतर वळवलेली नजर म्हणजे ‘तुझ्यापासून मला काही नको, माझ्यापासून तुला धोका नाही’. अर्विंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने १९६३ मध्ये या वागण्याचं बारकाईने वर्णन केलं आणि त्याला सभ्यपणाचाच एक प्रकार म्हटलं. अडीच-तीन फुटांच्या पेटीत अनोळखी माणसाला एकटेपणा देता येत नाही, निदान तो असल्याचा भास तरी देता येतो. नव्या माणसाने तिथे ‘कुठल्या मजल्यावर? नवीन आलात का? काय करता?’ असं सुरू केलं, तर समोरचा आक्रसतो. त्याला राग आलेला नसतो. त्याने तुम्हाला दिलेली सवलत तुम्ही त्याला दिलेली नसते.

अपमान हा या दोन्हींपेक्षा वेगळा. त्यात तुम्ही दिसलेले असता. तुमच्या बोलण्याच्या ढबीची नक्कल होते, तुमच्या गोंधळावर चारचौघांत हसलं जातं, तुमचा नंबर असताना कुणी मुद्दाम पुढे घुसतं आणि वर डोळे वटारतं. याला घाईचं कारण लागू पडत नाही. याचं काय करायचं ते पुढे सांगतो, पण दिवसभराच्या ओरखड्यांतून हे वेगळे काढून बघा. पहिल्या काही दिवसांतच लक्षात येईल, की असे प्रसंग वाटले होते त्यापेक्षा बरेच कमी आहेत.

४. विचारायची रीत बदला

नवीन माणसाने सगळ्यात आधी शिकायची गोष्ट हीच, आणि हिचा फायदाही लगेच दिसतो.

एका खिडकीसमोरची रांग डोळ्यासमोर आणा. मागे पंधरा-वीस माणसं. नव्या माणसाचा नंबर येतो. तो खिडकीत वाकतो आणि गावच्या रीतीने सुरुवात करतो: “नमस्कार साहेब. त्याचं काय आहे, मी मागच्या महिन्यातच इथे राहायला आलोय, तर मला एकांनी सांगितलं की इथे येऊन चौकशी करा म्हणून...” तो बोलत असताना पिशवीत हात घालून कागद शोधतोय. कारकुनाची बोटं टेबलावर वाजायला लागतात. मागून कुणीतरी ‘अहो, आटपा’ म्हणतं. कारकून वस्सकन म्हणतो, “काय हवंय ते सांगा.” माणूस गडबडतो, कागद खाली पडतात, आणि तो अपमान घेऊन घरी जातो.

त्या कारकुनाने सौजन्य सोडलं हे खरंच. पण आपल्या माणसाची प्रस्तावना गावात सभ्यपणाची होती, कारण तिथे आधी माणूस आणि मग काम. इथे मागच्या वीस जणांचा वेळ हाही सौजन्याचा भाग आहे. म्हणून क्रम उलटा करा: आधी काम, मग गरज पडली तर आपली हकीकत. रांगेत असतानाच कागद हातात काढून ठेवा. प्रश्न मनात एका वाक्यात जुळवा. खिडकीशी गेल्यावर म्हणा, “पत्ता बदलायचाय, हा अर्ज भरलाय, सोबत अजून काय लागेल?” उत्तर मिळालं की एकदा स्वतः म्हणून दाखवा: “म्हणजे भाडेकरार आणि एक फोटो, बरोबर?” मग ‘आभारी आहे’ म्हणून बाजूला व्हा आणि लिहून घ्यायचं ते बाजूला उभं राहून लिहा.

रस्त्यात विचारतानाही हेच. ओळख सांगू नका, माफी मागत बसू नका. झपझप चालणाऱ्याला अडवण्यापेक्षा उभ्या असलेल्या माणसाला विचारा: बसची वाट बघणारा, दुकानापुढे थांबलेला, पहाऱ्यावरचा. थोडं बाजूने, दिसेल असं जा; मागून हाक मारली तर शहरातला माणूस आधी दचकतो. आणि पहिल्या तीन-चार शब्दांतच काय हवंय ते येऊ द्या: “दादा, स्टेशन कुठल्या बाजूला?” हे ऐकल्याबरोबर त्याला कळतं, की याला पैसे नकोत, काही विकायचं नाही, फक्त दिशा हवी आहे. नुसतं “जरा ऐकता का?” म्हटलं, की त्याच्या मनात आधी संशय येतो, कारण शहरात अशी सुरुवात करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना काहीतरी गळ्यात मारायचं असतं.

थोडक्यात बोलणं म्हणजे रुक्ष बोलणं नव्हे, हे मात्र लक्षात ठेवा. ‘प्लीज’, ‘दादा’, ‘काकू’, ‘आभारी आहे’ यांना अर्धा सेकंद लागतो. ते गाळायचं कारण नाही. उलट जिथे सगळे गाळतात तिथे ते जास्त ऐकू येतं.

५. अंग कुठे ठेवायचं

इथे फार तत्त्वज्ञान नाही, सवयी आहेत. जिन्याच्या तोंडाशी, दारात, सरकत्या जिन्यावरून उतरल्या उतरल्या थांबू नका. नकाशा बघायचा असेल तर भिंतीकडे सरका. पाठीवरची पिशवी गर्दीत पुढे घ्या, कारण मागच्याच्या छातीवर ती आदळते ते तुम्हाला कळतही नाही. आधी उतरणाऱ्यांना उतरू द्या. फोनवर हळू बोला. चौघं मिळून पदपथभर आडवे चालू नका. नवीन माणसाला बसणाऱ्या धक्क्यांपैकी बरेच धक्के तो वाहत्या वाटेच्या मधोमध उभा असल्यामुळे बसतात.

अंतराबद्दल एवढंच: एडवर्ड हॉल या मानववंशशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये माणसं एकमेकांपासून किती लांब उभी राहतात याची मापं मांडली. साधारण ४५ सेंटिमीटरच्या आतली जागा माणूस अगदी जवळच्यांसाठी राखून ठेवतो. ती मापं अमेरिकेतल्या लोकांची होती, आणि ठिकाणानुसार ती बदलतात हे हॉल स्वतःच सांगत. पण गर्दीच्या डब्यात हे अंतर कुठेच पाळता येत नाही, म्हणून माणसं डोळे मिटतात, पुस्तकात डोकं घालतात, कानात काहीतरी घालतात. तुमच्या अंगाला चिकटून उभा असलेला माणूस दगडासारखा चेहरा करून उभा असेल, तर तो उपलब्ध असलेल्या एकमेव मार्गाने अंतर राखतोय.

६. मदत हवी असेल तर एकाच माणसाला सांगा

हा भाग वरवर वाचू नका, कधीतरी फार महत्त्वाचा ठरेल.

१९६४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये किटी जेनोव्हीज या तरुणीचा रात्री घराजवळ खून झाला. ३८ शेजाऱ्यांनी तो बघितला आणि हल्ला चालू असताना एकानेही पोलिसांना बोलावलं नाही, अशी बातमी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने छापली. मोठ्या शहरातली माणसं निष्ठुर असतात याचा पुरावा म्हणून ती जगभर सांगितली गेली. प्रत्यक्षात ती बातमी फुगवलेली होती. इतक्या जणांनी सगळा हल्ला पाहिलाच नव्हता, आणि एक शेजारीण तर खाली धावत जाऊन शेवटच्या क्षणी तिला धरून बसली होती. २०१६ मध्ये त्या वृत्तपत्राने स्वतःच आपलं वार्तांकन सदोष असल्याचं मान्य केलं. मधली पन्नास वर्षं मात्र लोकांनी शहराबद्दलचं मत त्या बातमीवर बनवलं.

पण त्या बातमीमुळे एक उपयोगाचं संशोधन झालं. बिब लाताने आणि जॉन डार्ली यांनी १९६८ मध्ये लोकांना एका खोलीत फॉर्म भरायला बसवलं आणि भिंतीतल्या फटीतून धूर सोडला. एकटे बसलेल्यांपैकी ७५ टक्के लोकांनी बाहेर येऊन सांगितलं. तिघं अनोळखी एकत्र बसले असता ३८ टक्के गटांतच कुणीतरी उठलं. आणि सोबतचे दोघे मुद्दाम ढिम्म बसवलेले असताना फक्त १० टक्के. प्रत्येक जण दुसऱ्याकडे बघतो, दुसरा शांत दिसतो, म्हणून काही विशेष नसावं असं धरतो. गावात तुम्ही पडलात तर बघणाऱ्याला माहीत असतं, की आपण नाही उठलो तर कुणीच नाही. गर्दीत प्रत्येकाला वाटतं, कुणीतरी उठेलच.

म्हणून गर्दीत चक्कर आली, पाकीट मारलं गेलं, कुणी त्रास देत असेल, तर ‘कुणीतरी मदत करा’ असं हवेत ओरडू नका. एका माणसाकडे बोट दाखवा, त्याच्या डोळ्यांत बघा आणि नेमकं काम सांगा: “निळ्या शर्टातले दादा, तुम्ही रुग्णवाहिकेला फोन करा. ताई, तुम्ही माझ्याजवळ थांबा.” ज्याला काम मिळालं तो हलतो, आणि एक हलला की बाकीचेही हलतात. तुम्ही बघ्यांमध्ये असाल तेव्हा हेच उलट करा. ‘काही मदत हवी का?’ हे विचारायला पहिला माणूस लागतो, आणि तो तुम्ही असायला काहीच हरकत नाही.

७. बंद दाराचा राग धरू नका

मिलग्रॅम यांच्या त्याच निबंधात आणखी एका प्रयोगाचा उल्लेख आहे. विद्यार्थी घरोघर जाऊन ‘मित्राचं घर सापडत नाही, फोन वापरू का?’ असं विचारत. लहान गावांत त्यांना मॅनहॅटनच्या निदान दुप्पट प्रवेश मिळाला. शहरातल्या तीन चतुर्थांश लोकांनी बंद दाराआडून ओरडून किंवा दाराच्या भोकातून बघून उत्तर दिलं. गावांत तितक्याच लोकांनी दार उघडलं. हा मनाच्या कोतेपणापेक्षा भीतीचा फरक आहे. ज्या माणसाला रोज नवे चेहरे दिसतात त्याला कोणता चेहरा सुरक्षित हे ओळखायला काहीच साधन नसतं. घरात एकटी बाई, म्हातारं माणूस असेल तर ही भीती रास्तच म्हणायची.

शेजाऱ्यांशी ओळख करून घ्यायची असेल तर दार वाजवून थेट आत जायची अपेक्षा ठेवू नका. जिन्यात, लिफ्टमध्ये दोन-चारदा चेहरा दिसू द्या. मग एखाद्या दिवशी उजेडी, दारापासून दोन पावलं मागे उभं राहून, आधी आपलं ठिकाण सांगा: “मी समोरच्या तीन नंबरमध्ये राहायला आलोय. पाणी किती वाजता येतं, एवढं विचारायचं होतं.” लहानसा, उत्तर देता येईल असा प्रश्न विचारायचा आणि उत्तर मिळालं की निघायचं. दुसऱ्या वेळी दार थोडं जास्त उघडतं.

८. गर्दीत आपलं छोटं गाव जमवा

दोन लाख माणसांशी नातं जोडता येत नाही, पण पंधरा-वीस जणांशी येतं, आणि गावातही रोजच्या बोलण्यातली माणसं साधारण तेवढीच होती. त्यासाठी एकच करायचं: त्याच वेळी त्याच ठिकाणी पुन्हा पुन्हा दिसायचं. तीच गाडी, तोच डबा, तेच दुकान, सकाळी फिरायला तोच रस्ता. रोज दिसणारे पण कधीच न बोललेले चेहरे प्रत्येक शहरी माणसापाशी असतात. मिलग्रॅम यांनी त्यांचाही अभ्यास केला, आणि त्यांना असं आढळलं, की हीच माणसं नेहमीच्या जागेपासून दूर कुठेतरी अचानक भेटली की बोलायला लागतात. म्हणजे ओळख आधीपासून तयार असते, फक्त निमित्त हवं असतं. गाडी उशिरा आली, वीज गेली, पाऊस कोसळला, की हे निमित्त मिळतं. त्या वेळी तोंड उघडा.

आणि लोकांना बोलायचं नसतं, हे गृहीत धरू नका. निकोलस एप्ली आणि ज्युलियाना श्रोडर यांनी शिकागोच्या प्रवाशांवर केलेला प्रयोग २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रवाशांना आधी वाटत होतं, की अनोळखी माणसाशी बोलत गेलो तर प्रवास कंटाळवाणा होईल. ज्यांना खरोखर बोलायला सांगितलं, त्यांचा प्रवास गप्प बसलेल्यांपेक्षा जास्त छान झाला. डबाभर माणसं गप्प बसलेली असतात ती बऱ्याचदा समोरच्याला बोलायचं नसेल या समजुतीने. एक वाक्य बोलून बघा. उत्तर एका शब्दात आलं आणि नजर पुन्हा खिडकीबाहेर गेली, तर विषय तिथेच सोडा. राग मानू नका, पुढच्या वेळी दुसऱ्याशी बोला.

९. खरा उद्धटपणा समोर आला तर

रांगेत कुणी घुसलं तर शांतपणे, ऐकू जाईल अशा आवाजात, एकदाच सांगा: “रांग तिकडून आहे.” त्याच्या स्वभावावर बोलू नका, कृतीवर बोला. बहुतेक वेळा माणूस मागे जातो, आणि बहुतेक वेळा मागच्यातला एखादा तुमच्या बाजूने बोलतो. तो न ऐकता भांडायलाच उभा राहिला, तर वाद वाढवू नका. अनोळखी माणूस पुढे काय करेल याचा अंदाज तुम्हाला नाही. गावातल्यासारखं मध्ये पडून समजूत घालणारं ओळखीचं माणूस इथे मिळेलच असं नाही.

तुमच्या बोलीवर, गावावर, जातीवर, रंगावर कुणी बोललं, किंवा अंगाला मुद्दाम हात लावला, तर तो उद्धटपणाच्या पलीकडचा विषय आहे. तिथे ‘शहर असंच असतं’ ही समजूत स्वतःला घालू नका आणि दुसऱ्याला घालू देऊ नका. आवाज मोठा करा, जवळच्या एका माणसाला नाव किंवा खूण सांगून मदतीला घ्या, वेळ आणि जागा लिहून ठेवा, तक्रार करा. कचेरीत कर्मचाऱ्याने पाणउतारा केला तर तिथल्या तिथे वाद घालण्यापेक्षा त्याच्या वरिष्ठाकडे लेखी द्या. तारीख, वेळ, खिडकी आणि नेमके शब्द लिहिलेला अर्ज बाजूला टाकणं अवघड जातं.

गर्दी आहे म्हणून माणसं अशीच वागणार, हेही खरं नाही. रॉबर्ट लेव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगातल्या २३ मोठ्या शहरांत मदत करण्याची वृत्ती तपासली: कुणाचं पेन पडलं, पाय दुखावलेल्या माणसाच्या हातातली मासिकं खाली सांडली, अंध माणसाला रस्ता ओलांडायचा आहे, तर लोक पुढे होतात का? २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सगळ्यात वर होतं रिओ द जानेरो, ९३ टक्के. लाखो लोकांचं, गजबजलेलं, गरिबी आणि गुन्हेगारीशी झुंजणारं शहर. न्यूयॉर्क ४५ टक्क्यांच्या आसपास आणि क्वालालंपूर ४० टक्के, म्हणजे तळाला. सगळीच मोठी शहरं, तरी दुपटीहून जास्त फरक. तेव्हा ‘इथे असंच चालतं’ म्हणून जो तुसडेपणा तुमच्या गळी उतरवला जातो, तो उचलायची सक्ती तुमच्यावर नाही.

१०. सुट्टीत गावी जाताना

शहरात काही महिने काढले, की वेग अंगात मुरतो आणि तो आपल्याला दिसेनासा होतो. गावी गेल्यावर मग तक्रार उलटी होते: हा आता आपल्याशी बोलत नाही, शेफारला. दुकानदार दोन शब्द बोलायला थांबतो आणि तुम्ही पैसे पुढे करून उभे असता. शेजारच्या काकू ‘केव्हा आलास, किती दिवस आहेस, पगार किती’ विचारतात आणि तुमच्या कपाळावर आठी येते. तिथे पुन्हा जुना क्रम लावा: आधी माणूस, मग काम. घरी पोहोचायच्या आधीच मनाशी ठरवा, की वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकापाशी थांबायचं आहे आणि त्यासाठी वेळ हाताशी ठेवा. फोन खिशात ठेवा. ज्या प्रश्नांची उत्तरं द्यायची नसतील त्यांना हसून बगल द्या, ‘चाललंय बरं’ एवढं पुरतं, आणि मग तुम्हीही त्यांना विचारा: गुडघे कसे आहेत, थोरली कुठे असते, घराचं काम झालं का. उत्तर संपेपर्यंत तिथेच उभे राहा.